आत्या कधी पडत नाही

आत्याला उठून नऊ मिनिटं झाली होती. स्क्रीनवर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं, शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याने, ज्याला सगळे दाढी म्हणत, ते दोनदा मोठ्याने वाचूनही दाखवलं, तरी वैद्यबुवाचा विश्वास बसेना. त्यांच्या देखरेखीखाली तीनशे बारा सर्व्हर-मशीनं होती, सात इमारतींत विखुरलेली, आणि त्या सगळ्यांत आत्या भरवशाची. मशीनांना नात्यांची नावं द्यायची पद्धत त्यानेच पाडली होती. नुसते आकडे कोणाच्या ध्यानात राहत नाहीत, पण मेव्हणा पडला म्हटलं की अख्खी खोली खडबडून जागी होते. सरळ नाती संपली तेव्हा चुलत आणि मावस सुरू झाली, मग सासरची. थोरले काका दर आठवड्याला लोळण घ्यायचे, साडू महिन्यातून एकदा तरी आडवा व्हायचा, सासूबाई जरा उकडलं की तापायच्या. आत्याचं नाव मात्र दोन वर्षांत एकदाही लाल झालं नव्हतं. कोणी नवं माणूस कामावर आलं की तो कौतुकाने तिच्याकडे बोट दाखवायचा आणि सांगायचा, हिच्याकडे बघत बसू नका, आत्या कधी पडत नाही. दाढीला आज काही काम नव्हतं म्हणून त्याने स्क्रीनवरचा एक रकाना उघडला होता, जो कोणीच कधी उघडत नसे. मशीन शेवटचं कधी सुरू झालं त्याचा रकाना.

"नऊ मिनिटं म्हणजे काय?" तो म्हणाला.

"म्हणजे नऊ मिनिटांपूर्वी ती मेलेली होती," दाढी म्हणाला, "आणि आपण इथेच बसलो होतो, वैद्यबुवा."

वैद्यबुवा हे त्याचं ऑफिसातलं नाव. नाडी बघणारा म्हणून. त्याच्या प्रोग्रॅमचं सगळं काम एवढंच होतं की दर मिनिटाला प्रत्येक मशीनला विचारायचं, आहेस का? मशीनने म्हणायचं, आहे. म्हणालं तर हिरवं. पूर्वी एकदा जरी उत्तर चुकलं तरी लाल दिवा लागून भोंगा वाजायचा, आणि पुष्कळदा मशीन धडधाकट असायचं, मधल्या तारांतच काहीतरी अडखळलेलं असायचं. दिवसातून वीस-वीस वेळा खोटे भोंगे. लोक वैतागले, मग दुर्लक्ष करायला लागले. तेव्हा त्याने नियम बदलला. सलग तीन उत्तरं चुकली तरच लाल. दोन चुकांपर्यंत माफी. खोलीत शांतता झाली, प्रमुख बाईंनी त्याची पाठ थोपटली, आणि त्या दिवसापासून त्याला आपल्या कामाचा थोडा अभिमानच वाटत आला होता. आत्या दीड मिनिटात पडून उठत होती. फार तर दोन उत्तरं चुकायची, तिसऱ्याला ती हजर. आहे, म्हणायची. हिरवं.

त्याने आत्याच्या स्वतःच्या नोंदी उघडल्या. दोन वर्षांत दोनशे चौदा वेळा ती नव्याने सुरू झाली होती. सुरुवातीला महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, आणि गेल्या महिन्यात तर दिवसाला दोन-दोन, तीन-तीनदा. का पडली, ते कुठेच नव्हतं. तिच्या नोंदींत फक्त उठणं होतं. शुभप्रभात म्हणून उठावं तशा दोनशे चौदा ओळी, आणि आदल्या मरणाचा मागमूस नाही. त्याचंही कारण त्याला ठाऊक होतं. जागा वाचावी म्हणून मशीन सुरू झाल्याबरोबर जुना कचरा पुसून टाकणारा छोटा प्रोग्रॅम त्यानेच कधीतरी लिहून तिच्यात टाकला होता. ती उठायची आणि उठल्या उठल्या पहिलं काम काय, तर आपण पडलो होतो याचा पुरावा पुसायची. आत्यावर एका तपासणी प्रयोगशाळेचे रिपोर्ट असत. अधूनमधून तिथून फोन यायचा की अमक्याचा रिपोर्ट पोचला नाही, आणि हे लोक म्हणायचे, आमच्याकडे सगळं हिरवं आहे, तुमच्याच हातून राहिला असेल, परत पाठवा. किती जणांना त्याने हे अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. पण भीती वाटली ती त्या रिपोर्टांमुळे नव्हे, हे त्याला तेव्हाही कळत होतं. ती भीती सकाळपासून आत होतीच, आत्याने फक्त तिला जागा करून दिली.

सकाळी तो ठमीला शाळेत सोडायला निघाला होता. ठमी म्हणजे त्याची मुलगी, नऊ वर्षांची, बोलायला लागली की थांबत नाही अशी. मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. लाल होता, हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण पुढच्या गाडीच्या काचेवर कोणीतरी धुळीत बोटाने तोंड काढलं होतं आणि ठमी त्याला नाक नाही म्हणून हसत होती. मग सिग्नल हिरवा होता, पुढची गाडी गेलेली होती, मागे पाचसहा जण हॉर्न बडवत होते आणि ठमीचा हात स्टीअरिंगवर होता. तो तिच्यावर खेकसला. "स्टीअरिंगला हात लावायचा नाही, किती वेळा सांगितलं?" ठमीने हात काढून घेतला, मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत "बरं" म्हणाली. एवढंच. तेव्हा त्याला हा पोरीचा चावटपणा वाटला होता. आता आत्यासमोर बसून तो लाल आणि हिरवा यांच्या मधली जागा शोधायला लागला. तिथे काहीतरी असायला हवं होतं. अंधार असता तरी चाललं असतं, डुलकी लागली होती म्हणता आलं असतं. पण तिथे जागाच नव्हती. लाल संपला तिथेच हिरवा चिकटलेला. तो नखाने सांधा उचकटायचा प्रयत्न करत राहिला आणि सांधा कुठे लागेना.

त्याला मागचं काहीबाही आठवायला लागलं. गेल्या पंधरवड्यात दूध उतू गेलं होतं आणि तो ओट्यासमोरच उभा होता. बायको म्हणाली, तुझं लक्ष असतं कुठे? तो म्हणाला, ऑफिसात. ती हसली, विषय संपला. खऱ्या मेव्हण्याशी फोनवर बोलताना तो एकदम म्हणाला होता, अरे, आहेस ना? आणि तो म्हणाला होता, आहे की. अंघोळीला गेला असताना एकदा त्याच्या अंगाला साबण लागलेला होता आणि पाणी गार पडलं होतं, तेव्हा त्याने हीटरला शिव्या घातल्या. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि ते त्याने त्या त्या वेळी पटकन शोधलं होतं. मग त्याला वडील आठवले. वडील शिंपी होते. घरात त्यांच्या तंद्रीचं कौतुक होतं. शिवता शिवता ते थांबायचे, डोळे उघडे, पाय शिलाई मशीनच्या पायट्यावर, आणि आई पाहुण्यांना हळूच सांगायची, त्यांना तंद्री लागली की जगाचं भान राहत नाही, कलाकार माणूस. पाहुणे मान डोलवायचे. एकदा सुई त्यांच्या नखातून आरपार गेली. ते ओरडले नाहीत. जरा वेळाने त्यांनी बोटाकडे बघितलं आणि विचारलं, हे कधी झालं? त्यावर घरात वर्षानुवर्षं हसणं चाललं, तो स्वतः शाळेत मित्रांना ही गोष्ट रंगवून सांगायचा. वडील जिन्यावरून पडून गेले. सगळे म्हणाले, पाय घसरला. जिना कोरडा होता. तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि जिना कोरडा होता हे त्याने पाहिलेलं होतं.

प्रमुख बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. दाढीने त्यांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट, जरा मीठमसाला लावूनच. बाई चष्मा वर सरकवून स्क्रीन बघत राहिल्या.

"आत्ता कशी आहे ती?" त्यांनी विचारलं.

"आत्ता हिरवी आहे, मॅडम," तो म्हणाला.

"मग राहू दे. भर दिवसा बंद करून उघडून बसलात तर प्रयोगशाळा माझ्या डोक्यावर बसेल. शुक्रवारी बघू. चालतंय ना सगळं? चालू दे."

चालू दे म्हटल्यावर त्याला इतकं हायसं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. त्याच्याही बाबतीत शुक्रवारी बघता आलं असतं. नाहीतर पुढच्या महिन्यात. डॉक्टरकडे जायचं म्हणजे ते एकदा कागदावर यायचं, आणि कागदावर आलं की गाडी चालवायचा परवाना गेला, आणि ज्याचं स्वतःचं लक्ष उडतं त्याला तीनशे बारा मशीनांवर लक्ष ठेवायला कोण बसवणार? चव्वेचाळिसाव्या वर्षी तो दुसरं काय करणार होता? पण हे सगळं त्याने जरा वेळ नुसतं उगाळलं. त्याच्या खाली जे होतं तिकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. ठमी रोज दोनदा त्याच्या शेजारी बसून त्या चौकातून जात होती. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची, सकाळी आठला जायची ती संध्याकाळी सातला यायची, त्यामुळे सोडणं आणणं त्याचंच. आज चार वाजता ठमी फाटकाशी उभी असणार होती.

तेव्हा त्याने त्याच्यासारख्या माणसाने जे केलं असतं तेच केलं. स्वतःची नाडी बघायचं ठरवलं. अर्ध्या तासात त्याने एक छोटा प्रोग्रॅम जुळवला. दर दहा सेकंदांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकोन उजळायचा आणि त्याने एक बटण दाबायचं. आहेस का? आहे. अकरा वाजता सुरू केला. पहिल्या दहा मिनिटांत वेड लागायची पाळी आली, मग बोटाला सवय झाली आणि बाकीचं काम करता करता अंगठा आपोआप बटणावर पडायला लागला. तो खुर्चीवरून उठला नाही. डबाही तिथेच उघडला, डाव्या हाताने खाल्लं. दाढीने विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, मशीनांना काय वाटत असेल ते बघतोय. दाढी म्हणाला, त्यांना सुट्टी हवी असं वाटतं, मला विचार. तो हसला. मग दाढीला साडूची जुनी गोष्ट सांगायला लागला, ते मशीन पहिल्यांदा पडलं तेव्हा सफाईवालीने त्याची पिन काढून तिथे इस्त्री लावली होती ती. दाढीला ती पाठ होती तरी तो ऐकत बसला. अडीच वाजता त्याने प्रोग्रॅम थांबवला आणि निकाल बघितला. बेपत्ता : शून्य. हिरवं.

छातीवरचा धोंडा उतरला. तो उठला, पाय मोकळे करून आला, पाणी प्यायला, बेसिनवर तोंड धुतलं. आरशात स्वतःकडे बघून जरा हसलासुद्धा. उगाच जीव खाल्ला सकाळपासून. सिग्नलला मन कुठेतरी गेलं असेल, कोणाचं जात नाही? आणि वडिलांचं काय, त्या जुन्या चपला घालून ते जिना उतरायचे, आई रोज ओरडायची. तो हात पुसत होता, आणि हात पुसता पुसता थांबला. अर्ध्या तासात त्याने प्रोग्रॅम जुळवला होता. नव्याने लिहिला नव्हता. जुनाच उचलून दोन ओळी बदलल्या होत्या. तीनचा नियम तसाच राहिला होता. सलग तीन उत्तरं चुकली तरच बेपत्ता. दोन चुकांपर्यंत माफी. ही माफी त्याच्या हाताला इतकी सवयीची झाली होती की स्वतःवर पाळत ठेवतानाही त्याने ती स्वतःला देऊन टाकली होती.

निकालाखालच्या कच्च्या ओळी त्याने उघडल्या. अधूनमधून एखादं उत्तर चुकलेलं होतं, ते घास घेताना किंवा फोन उचलताना. पण बारा एक्केचाळीसला लागोपाठ दोन. दोन वाजून सात मिनिटांनी लागोपाठ दोन. बारा एक्केचाळीसचं काही आठवेना. दोन वाजून सात मिनिटं म्हणजे साडूची गोष्ट. ती तर त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग आठवत होती. पिन, इस्त्री, सफाईवालीचं उत्तर, दाढीचं हसणं. कुठे फट नाही.

"मघाशी मी तुला साडूचं सांगत होतो," तो दाढीला म्हणाला. "तेव्हा मी मध्ये थांबलो होतो का?"

"थांबलास ना. मला वाटलं, काहीतरी आठवतोयस. शर्टाचं बटण चाचपत बसला होतास."

"किती वेळ?"

"मी काय घड्याळ लावून बसलो होतो?" दाढी म्हणाला. मग त्याने त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "थोडा वेळ. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलास आणि पुढे सांगायला लागलास. का रे? बरं नाही का वाटत?"

"बरं आहे," तो म्हणाला. हे उत्तर किती चटकन आलं ते त्याला ऐकू आलं.

साडेतीनला त्याने बायकोला फोन लावायला घेतला आणि नंबर निवडून खाली ठेवला. काय सांगणार? ठमीला तू घेऊन ये, म्हटलं तर ती विचारणार, का? आणि त्या 'का'च्या पलीकडे बायकोचा बदललेला आवाज होता, दवाखान्याच्या रांगा होत्या, आणि जिन्याखाली वाकडे पडलेले वडील होते. आजच्या दिवस नेऊ, तो स्वतःशी म्हणाला. हळू नेऊ, कडेकडेने नेऊ, चौक टाळू. उद्यापासून काहीतरी बघू. हे प्रमुख बाईंचंच बोलणं होतं, त्याला ते ओळखूही आलं, तरी त्याने किल्ली उचलली. माणूस घाबरला की शहाणा होतो हे खोटं आहे. घाबरलेला माणूस रोजचीच वाट धरतो, कारण तेवढी एकच त्याच्या पायांना येत असते.

शाळेपर्यंत दहा मिनिटं. गाडी सुरू केल्यापासून तो मोठ्याने आकडे मोजत होता, म्हणजे मध्ये काही गळलं तर कळेल. एक, दोन, तीन. कोपऱ्यावर बेचाळीस. पेट्रोल पंपाशी एकशे दहा. एका बाईने रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं आणि त्याचा ब्रेक इतक्या जोरात लागला की तिने मागे सरून त्याच्याकडे रागाने बघितलं. एकशे अठ्ठ्याण्णव. घसा कोरडा पडला तरी तो मोजत राहिला. शाळेच्या भिंतीशी गाडी उभी केली तेव्हा तीनशे एकाहत्तर झाले होते आणि इंजिन बंद करता करता त्याच्या लक्षात आलं की दोनशे साठनंतर दोनशे एकसष्टच आलं होतं की आणखी काही, हे सांगायला गाडीत कोणी नव्हतं. त्याने कपाळ स्टीअरिंगवर टेकलं.

ठमी पळत आली, दप्तर मागे फेकलं आणि पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला. पुढे बसायचा हट्ट तिने या वर्षी सुरू केला होता. आधी बायकोने विरोध केला, मग पोरगी ऐकेना म्हणून सोडून दिलं.

"आज उशीर नाही केलास," ती म्हणाली.

"ठमे, सकाळी सिग्नलला काय झालं होतं?"

"काही नाही." ती पट्ट्याशी खेळायला लागली.

"सांग. मी रागावणार नाही."

"तू गेला होतास," ती म्हणाली.

"कुठे?"

"मला काय माहीत? तू इथेच असतोस, पण गेलेला असतोस. मी हाक मारते. कधी लगेच येतोस, कधी येत नाहीस. गाडी थांबलेली असली तर मी स्टीअरिंग नुसतं धरून ठेवते, एकदम सुटली तर म्हणून. चालू असली तर सरळ धरते. सरळ धरलं की ती सरळ जाते."

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. बोटांवर निळ्या शाईचे डाग होते.

"किती वेळा झालं असं?"

"आज धरून की आजचं सोडून?"

बाहेर मुलांचा गलका चालला होता, कोणाची तरी पाण्याची बाटली रस्त्यावर घरंगळत होती.

"आणि तू आईला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

ठमीने त्याच्याकडे वळून बघितलं. तिला खरोखरच नवल वाटलं होतं. "तूच सांगितलंस ना, आईला सांगायचं नाही म्हणून."

"मी? कधी?"

"दर वेळी. परत आलास की पहिलं तेच म्हणतोस. माझा हात धरतोस आणि म्हणतोस, आईला सांगू नकोस हं. आणि मग जरा वेळाने मलाच ओरडतोस, स्टीअरिंगला हात का लावलास म्हणून."

त्याच्या डोळ्यांपुढे काहीच आलं नाही. तिचा हात धरल्याचं नाही, तो आवाज नाही, तो शब्द नाही. त्याच्या आत कोणीतरी होतं, जे त्याच्या आधी उठत होतं, आणि तो जागा व्हायच्या आत सगळं आवरून ठेवत होतं. ते त्याच्याच तोंडाने बोलत होतं, त्याच्याच पोरीशी, आणि ते तिला ओळखत होतं. आजवर तो कशाला घाबरला नसेल इतका तो त्याला घाबरला. त्याने किल्ली काढून तिच्या हातात दिली, खिशातून फोन काढला आणि तोही दिला.

"आईला लाव."

"ती कामावर आहे. गिऱ्हाईक असलं की उचलत नाही."

"उचलेपर्यंत लाव. आणि तू सांग. सगळं, पहिल्यापासून."

"आणि तू मध्येच नको म्हणालास तर?"

"तर ऐकायचं नाही," तो म्हणाला. "मी काहीही म्हणालो तरी माझं ऐकायचं नाही."

ठमीने थोडा विचार केला. मग तिने पट्टा सोडला, दार उघडून खाली उतरली आणि फोन आणि किल्ली घेऊन भिंतीच्या कडेला, त्याचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर जाऊन उभी राहिली. तिथून एकदा त्याच्याकडे नीट बघून घेतलं, आणि मग तिने नंबर लावला.